मिनी पीसी कसा पारखून घ्यावा : मागवण्याआधी आणि हातात आल्यावर

माझा रोजचा संगणक मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी अडकवलेला आहे. समोरून पाहिलं तर टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस दिसतो. गेली काही वर्षं मी अशाच छोट्या पेट्यांवर काम करतेय. घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्या निवडून दिल्या आहेत, काही परत पाठवायलाही लावल्या आहेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. मिनी पीसी चांगला की वाईट, हे प्रोसेसरच्या नावावरून कळत नाही. तुमच्या टेबलावर, तुमच्याच मॉनिटरला जोडून, तुमचंच काम त्यावर करून पाहिलं की कळतं. आणि हे करून पाहायचं असतं ते परतीची मुदत संपायच्या आत.

म्हणून अर्धं काम पेटी मागवण्याआधी कागदावर करायचं, आणि उरलेलं ती हातात आल्यावर.

पेटीत नेमकं काय असतं

बहुतेक मिनी पीसी म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि बॅटरी काढून घेतलेला लॅपटॉप. प्रोसेसर लॅपटॉपचा, रॅमची पट्टी लॅपटॉपच्या मापाची, वीज बाहेरच्या ॲडॅप्टरमधून. इंटेलच्या एनयूसी या मालिकेने चार इंच बाय चार इंचाच्या बोर्डाची पद्धत रुळवली. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं आणि आसूसने ती मालिका पुढे चालवायला घेतली. ॲपलचा मॅक मिनी त्याहून जुना, २००५ चा. २०२४ मध्ये तोही आक्रसून पाच इंच बाय पाच इंचाचा झाला.

दुसरी जात ऑफिसातल्या छोट्या पेट्यांची. लेनोव्होच्या 'टायनी', एचपीच्या 'मिनी', डेलच्या 'मायक्रो'. यांचं आकारमान साधारण एक लिटरचं, आणि आत बहुतेकदा ३५ वॉटचा डेस्कटॉप प्रोसेसर असतो, ज्याच्या नावाच्या शेवटी 'टी' लिहिलेलं असतं. कंपन्या त्या शेकड्यांनी घेतात आणि काही वर्षांनी विकून टाकतात, त्यामुळे वापरलेल्या बाजारात त्या भरपूर मिळतात. बांधणी दणकट असते, आणि एखादा भाग गेला तर त्याच मॉडेलचा दुसरा सापडतो. माझ्या मते नेटका जुना 'टायनी' हा कित्येकदा अनोळखी ब्रँडच्या कोऱ्या पेटीपेक्षा चांगला सौदा ठरतो, पण एक अट पाळून. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे आय५-८५००टी (पहिला आकडा पिढी सांगतो) चालेल. आय५-६५००टी आणि ७५००टी अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे 'विंडोज १० सहित' अशी जाहिरात दिसली की आधी प्रोसेसरचा आकडा पाहा. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांच्यासाठी तीच जुनी पेटी अजून बरीच वर्षं चालते.

पहिली पायरी : आपलं काम मोजा

नवी पेटी शोधायला बसण्याआधी सध्याच्या संगणकावर एक छोटी मोजणी करा. दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या वेळी, म्हणजे ब्राउझरमध्ये सगळे टॅब उघडे, व्हिडिओ कॉल चालू, मागे एखादी स्प्रेडशीट असं असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर (प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि 'परफॉर्मन्स'मधल्या 'मेमरी'वर जा. तिथे 'इन यूज' हा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो, पण त्यावर विसंबू नका. खाली 'कमिटेड' असं लिहून दोन आकडे असतात, समजा ११.४/१५.२. यातला पहिला आकडा म्हणजे तुमच्या सगळ्या प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी. ८ जीबीच्या संगणकावर 'इन यूज' कधीच ८ च्या वर जाणार नाही, पण 'कमिटेड' ११ दाखवत असेल तर उरलेला भार बहुधा डिस्कवर ढकलला जातोय, आणि संगणक अडखळतो तो बहुतेकदा त्यामुळेच. प्रोसेसर बिचारा अनेकदा निर्दोष असतो.

हा आकडा दोनतीन दिवस, वेगवेगळ्या वेळी टिपून ठेवा. तो ८ च्या आत राहत असेल तरीही १६ जीबीची पेटी घ्या, कारण पुढची चारपाच वर्षं ब्राउझरची भूक वाढतच जाणार. १२-१३ च्या वर जात असेल तर ३२ जीबीपर्यंत वाढवता येईल अशीच पेटी पाहा. नव्या पेटीत ८ जीबी रॅम आणि तीही बोर्डावर डकवलेली असेल तर मी ती कुणालाही सुचवत नाही.

सोबत दोन गोष्टी लिहून काढा. मॉनिटर किती, कोणत्या रिझोल्यूशनचे आणि त्यांना मागे कोणत्या प्रकारचं कनेक्शन आहे. आणि एका वेळी यूएसबीला काय काय जोडलेलं असतं: कीबोर्ड, माऊस, वेबकॅम, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, हेडफोनचा डाँगल. मिनी पीसीत ना कॅमेरा असतो, ना माईक, बहुतेकांत धड स्पीकरही नसतो. लॅपटॉप वापरण्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी याचा धक्का बसतो. या वस्तू आधीपासून घरात नसतील तर त्यांची किंमत पेटीच्या किमतीत धरूनच तुलना करा. काही पेट्या 'बेअरबोन' म्हणून विकल्या जातात. त्यांत रॅम, एसएसडी (म्हणजे डिस्क) आणि विंडोज यांपैकी काहीच नसतं.

दुसरी पायरी : प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

रोजच्या कामासाठी, म्हणजे ब्राउझर, कागदपत्रं, ईमेल, व्हिडिओ पाहणं आणि कॉल एवढ्यासाठी, इंटेलचा एन१०० हा तळाचा दगड मानायला हरकत नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेला हा चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर कागदावर ६ वॉटचा आहे. एन१५० हा त्याचाच थोडा वेग वाढवलेला भाऊ. ताकद स्थूलमानाने २०१५ च्या सुमाराच्या डेस्कटॉप आय५ एवढी. एका माणसाच्या साध्या कामाला ती पुरते. मात्र एकाच वेळी व्हिडिओ कॉल, स्क्रीन शेअर आणि वीस टॅब असा खाक्या असेल तर धाप लागलेली जाणवते. त्याहून जुने सेलेरॉन, उदाहरणार्थ जे४१२५, अजूनही नव्या खोक्यात घालून विकले जातात. ते घेऊ नका. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण रोज सकाळी ब्राउझर उघडताना ते वसूल होतात.

एएमडीच्या बाबतीत आकड्यांनी फसायला होतं. रायझनच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो. आतला कोर किती जुना हे सांगतो तिसरा आकडा. ७७३०यू मध्ये तिसरा आकडा ३ आहे, म्हणजे आत झेन ३, जी रचना २०२० ची. ७८४०एचएस मध्ये तो ४, म्हणजे झेन ४. आणि ७५२०यू मध्ये २, म्हणजे थेट झेन २. तिघांच्या जाहिरातीत '७००० मालिका' असंच छापलेलं असतं.

झेन ३ रोजच्या कामाला वाईट नाही, उलट भरपूर आहे. पण इथे एक बारीक मुद्दा आहे. यूट्यूबसारख्या ठिकाणी आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या पद्धतीने दाबून पाठवले जातात. ते उलगडण्याची सोय चिपमध्येच असेल तर काम अगदी थोड्या विजेत होतं. नसेल तर प्रोसेसरला सगळी मेहनत करावी लागते, पेटी तापते आणि पंखा वर चढतो. छोट्या एन१०० मध्ये ही सोय आहे. रायझन ७७३०यू मध्ये जुनं वेगा ग्राफिक्स असल्याने नाही. ६८०एम किंवा ७८०एम ग्राफिक्स असलेल्या रायझनमध्ये आहे. इंटेलच्या 'कोर' मालिकेत अकराव्या पिढीपासून आहे, आणि ॲपलमध्ये एम३ पासून. म्हणजे वापरलेला एम१ किंवा एम२ मॅक मिनी घेताना हे लक्षात असू द्या. दिवसभर शांत खोलीत व्हिडिओ पाहणाऱ्या माणसासाठी हा फरक कोरच्या संख्येपेक्षा मोठा ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत बहुधा सापडत नाही: त्या पेटीने प्रोसेसरला किती वॉट खायची मुभा दिली आहे. एकच चिप एका पेटीत १५ वॉटवर बांधलेली असते, दुसरीत ३५ वर सोडलेली. पहिली थंड आणि शांत, दुसरी वेगवान आणि आवाजी. त्यामुळे 'अमुक प्रोसेसर कसा आहे' असं विचारू नका. 'या पेटीत तो सलग दहा मिनिटं किती वेग टिकवतो' असं विचारा. त्याचं उत्तर आपण पुढे स्वतःच काढणार आहोत.

तिसरी पायरी : रॅम, डिस्क आणि मागची भोकं

रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या एकापेक्षा बऱ्या, कारण मिनी पीसीतलं ग्राफिक्स वेगळी मेमरी बाळगत नाही, ते याच रॅममधून घेतं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी पुरवते, दोन पट्ट्या ५१.२. दोन मॉनिटर किंवा ४के मॉनिटर असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. एन१०० च्या घराण्यात मात्र वाटच एक आहे, तिथे दुसऱ्या पट्टीचा प्रश्नच येत नाही, आणि इंटेलच्या लेखी त्याची कमाल १६ जीबी आहे. पेटीच्या माहितीत 'एलपीडीडीआर' लिहिलेलं असेल तर रॅम बोर्डावर डकवलेली आहे असं समजा. ती नंतर वाढणार नाही, तेव्हा घेतानाच पुरेशी घ्या.

डिस्कच्या रकान्यात 'ईएमएमसी' (बोर्डावरच डकवलेली मंद डिस्क) दिसलं तर पुढची पेटी पाहा. 'एम.२ एसएसडी' एवढंच लिहिलं असेल तर प्रश्न विचारा, कारण त्याच आकाराच्या पट्टीत साटाही असते आणि एनव्हीएमईही. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. चांगली एनव्हीएमई ३५०० किंवा त्याहूनही वर जाते, पण स्वस्त पेट्यांत तिला चारऐवजी एकच वाट दिलेली असते आणि वेग हजाराच्या आतच राहतो. खरं सांगायचं तर कागदपत्रं आणि ब्राउझरच्या कामात या तिन्हींत फारसा फरक जाणवत नाही. मोठ्या व्हिडिओ फाइली हलवणाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यावं. बाकीच्यांनी एवढंच पाहावं की डिस्क बदलता येते की नाही, आणि दुसरी बसवायला जागा आहे की नाही.

पोर्टांकडे मात्र सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं. एचडीएमआय १.४ हा पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतो, २.० असेल तर ६०. ३० वर माऊसचा बाण ओढल्यासारखा मागे राहतो, आणि तासाभरात डोळे शिणतात. 'दोन एचडीएमआय' असं लिहिलेलं असताना त्यातला एक जुन्या प्रकारचा निघाल्याचं मी पाहिलं आहे. यूएसबी-सीचंही तसंच: काही फक्त डेटा नेतात, काही मॉनिटरही चालवतात, काहींतून पेटीला वीजही देता येते, आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. शेजारी छापलेली छोटी चिन्हं पाहा, आणि शंका असेल तर त्या मॉडेलची माहितीपुस्तिका उतरवून वाचा. पेटी मॉनिटरमागे लावायची असेल तर मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं हवीत. स्टँडच त्या भोकांत बसवलेला असेल तर पेटीला जागा उरत नाही.

पेटी आली : पहिला तास

खोकं उघडल्यावर सगळ्यात आधी ॲडॅप्टरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. व्होल्ट, अँपिअर आणि पिनची ध्रुवता दाखवणारं चित्र, तिन्ही दिसायला हवीत. या पेट्यांत मला सगळ्यात आधी जाताना दिसतो तो ॲडॅप्टरच. तेव्हा व्होल्ट तेच, ध्रुवता तीच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, असा दुसरा शोधावा लागतो. पिन बसली म्हणजे ॲडॅप्टर चालेल असं समजू नका.

मग पेटी चालू करा, पण आपली खाती, पासवर्ड आणि बँकेचं काम तिच्यावर लगेच आणू नका. २०२४ च्या सुरुवातीला काही मिनी पीसी कारखान्यातूनच माहिती चोरणारे प्रोग्राम सोबत घेऊन आल्याचं उघड झालं होतं. तेव्हापासून अनोळखी ब्रँडची पेटी असेल तर मी विंडोज पुसून नव्याने टाकल्याशिवाय ती कुणाच्या हातात देत नाही. ते अवघड नाही. मात्र त्याआधी दोन कामं उरका.

पहिलं, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडून परवाना पाहा. 'डिजिटल लायसन्स'ने विंडोज सुरू असेल तर परवाना त्या बोर्डाशी बांधलेला आहे. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की तो आपोआप लागू होतो. 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर तो मोठ्या कंपन्यांना घाऊक दिलेला परवाना आहे, तुमचा नाही. विक्रेत्याला लगेच लिहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडा.

दुसरं, उत्पादकाच्या पानावरून ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा, विशेषतः वाय-फाय आणि लॅनचे. नवं विंडोज टाकल्यावर वाय-फाय ओळखलं गेलं नाही तर ड्रायव्हर उतरवायलाच इंटरनेट नसतं, आणि तिथे माणूस अडकून पडतो. विंडोज टाकण्यासाठी किमान ८ जीबीचा दुसरा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरतं. नव्याने टाकताना डिस्कवरचे सगळे जुने विभाग काढून टाका.

यानंतर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्या आहेत ते जाहिरातीशी ताडून पाहा. १६ जीबीच्या पेटीत १३.९ च वापरता येतात असं दिसलं तर घाबरू नका. उरलेली ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. तो डिस्क आजवर किती तास चालली आणि किती वेळा सुरू झाली हे दाखवतो. कोऱ्या पेटीत हा आकडा एकदोन आकडी असतो. शेकडो किंवा हजारो तास दिसले तर तुम्हाला नवी म्हणून वापरलेली डिस्क मिळाली आहे, आणि एवढ्या एका कारणावर पेटी परत करणं योग्य आहे.

दहा मिनिटांची चाचणी

आता पेटीला घाम फोडायचा. एचडब्ल्यूइन्फो (आतले आकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडून प्रोसेसरचं तापमान, वेग आणि वॉट हे तीन रकाने समोर ठेवा, आणि सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरला ताण देणाऱ्या प्रोग्राममधली दहा मिनिटांची मल्टिकोर चाचणी सुरू करा. पहिला अर्धा मिनिट सगळ्याच पेट्या शूर असतात. खरी ओळख पाचव्या मिनिटानंतर पटते. ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. सुरुवातीला ३.४ गीगाहर्ट्झवर असलेला वेग शेवटी २.८ वर स्थिरावला आणि तापमान ८० च्या आसपास राहिलं, तर पेटीने वॉटची मर्यादा पाळली. हे निरोगी लक्षण. तापमान सतत ९५ च्या वर टेकून वेग खालीवर उड्या मारत असेल, तर आतली उष्णता बाहेर टाकायची व्यवस्था तोकडी आहे. हीच चाचणी पेटी मॉनिटरमागे अडकवून पुन्हा करा, कारण तिथे हवा कोंडते. खोलीतला सगळ्यात गरम दिवस आजच्याहून किती अंशांनी जास्त असतो, तेवढे अंश मनातल्या मनात मिळवा.

बिनपंख्याच्या पेट्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्या हळूहळू तापतात, म्हणून दहा मिनिटांत काहीच कळत नाही. त्यांना तासभर द्या आणि वरच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा.

आवाजाची परीक्षा रात्री करा. दिवसा घरातल्या आवाजांत पंखा लपतो. दिवे मालवून, कानापासून नेहमीच्या अंतरावर पेटी ठेवून एखादा कागद उघडा आणि नुसतं टाइप करत राहा. सलग, एकसुरी सूं आवाज कान विसरून जातात. त्रास देतो तो मिनिटाला दोनदा चढून उतरणारा पंखा. तो प्रोसेसरच्या छोट्याशा धावपळीलाही दचकतो. अशा वेळी बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) पंख्याची वागणूक बदलता येते का ते पाहा. 'क्वायट' किंवा 'सायलेंट' असा पर्याय असला तर बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. पर्यायच नसेल आणि तुम्ही शांततेत काम करणारे असाल, तर मी ती पेटी ठेवणार नाही. वेगाची कमी सवयीने झाकली जाते, हा आवाज नाही.

माऊस हात सोडतो तेव्हा

माझ्या वडिलांना मी मिनी पीसी लावून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, माऊस मधेच हात सोडतोय." बाण चालता चालता थबकायचा आणि मग उडी मारून पुढे जायचा. आम्ही सेल बदलले, माऊसखालचा कपडा बदलला, दुसरा माऊस आणला. काही फरक नाही. मग मी जाऊन पाहिलं, तर वायरलेस माऊसचा इवलासा रिसीव्हर पाठीमागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमध्ये होता आणि त्याच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये बॅकअपची हार्ड डिस्क. डिस्क काढली, माऊस सुतासारखा सरळ.

यूएसबी ३ चे पोर्ट आणि केबली चालू असताना २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट करतात, आणि वायरलेस माऊस, कीबोर्ड, ब्लूटूथ यांचं बोलणं त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. मोठ्या डेस्कटॉपमध्ये पोर्ट लांब लांब असतात म्हणून ते निभावतं. मिनी पीसीत सगळं बोटभर अंतरावर असतं. उपाय साधा आहे: रिसीव्हर समोरच्या किंवा यूएसबी २ च्या पोर्टमध्ये घाला, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने तो माऊसजवळ आणा. वडिलांच्या टेबलावर तो आजही हातभर केबलच्या टोकाला, मॉनिटरच्या पायाशी बसलेला आहे.

म्हणून चाचणी करताना सगळी उपकरणं एकदम जोडा. मोठी फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी होत असताना माऊस गोल गोल फिरवा आणि ब्लूटूथ हेडफोनवर गाणं लावा. तुटतंय का ते लगेच कळेल. वाय-फायची परीक्षाही अशीच घ्या: पेटी तिच्या कायमच्या जागी, म्हणजे मॉनिटरच्या पाठीला असताना वेग मोजा आणि त्याच जागी फोनवर मोजलेल्याशी तुलना करा. धातूची पेटी आणि मॉनिटर मिळून अँटेना झाकली जाते. फरक निम्म्याहून जास्त असेल तर लॅन केबल टाका किंवा पेटी टेबलावर उतरवा.

पुढचे तीन दिवस

आता तिच्यावर खरं काम करा. पहिल्या पायरीत लिहिलेली यादी समोर ठेवा आणि प्रत्येक गोष्ट एकदा करून पाहा. मॉनिटर ६० हर्ट्झवर चालतोय हे डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड पानावर तपासा. ४के व्हिडिओ लावून टास्क मॅनेजरच्या जीपीयू (ग्राफिक्स) भागात 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतो का ते पाहा. तो सपाट आणि प्रोसेसर उसळलेला असेल तर उलगडण्याचं काम प्रोसेसरवर पडलं आहे.

झोपेची चाचणी बहुतेक लोक विसरतात. रात्री संगणक स्लीपवर टाका आणि सकाळी कीबोर्डची एक कळ दाबून उठवा. मॉनिटर जागा होतो का, वाय-फाय लागतं का, दुसऱ्या मॉनिटरवरच्या खिडक्या जागच्या जागी आहेत का? तीनपैकी एका सकाळी जरी बटण दाबून बंद करावा लागला, तर बायॉसची नवी आवृत्ती आहे का ते शोधा. नसेल तर हा दोष तुमच्यासोबत पुढची पाच वर्षं राहणार आहे, असं धरून निर्णय घ्या.

वीज मोजायचं छोटं मीटर मिळालं तर तेही लावून पाहा. एन१०० ची पेटी नुसती चालू असताना ६ ते १० वॉट घेते. जुनी मोठी डेस्कटॉप पेटी ४०-५० सहज खाते. १० वॉटची पेटी वर्षभर अखंड चालू ठेवली तरी ८८ युनिटच्या आत भागतं. याचा दुसरा फायदा असा की साधा यूपीएसदेखील तिला बराच वेळ तोलतो. आणि यूपीएस हवाच, कारण लॅपटॉपसारखी बॅटरी इथे नाही; वीज गेली की लिहिलेलं गेलं. वीज आल्यावर पेटी आपोआप सुरू व्हावी की बंदच राहावी, याचाही पर्याय बायॉसमध्ये असतो.

या तीन दिवसांत तुम्हाला वारंवार वाट पाहावी लागत असेल, तर कशाची ते नेमकं पकडा. रॅम भरतेय आणि खाच मोकळी आहे, तर पट्टी टाका. डिस्क मंद आहे, तर ती बदला. प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर टेकत असेल तर काहीही बदलून उपयोग नाही. पेटी परत करा आणि एक पायरी वरची घ्या. आधुनिक गेम, जड व्हिडिओ संपादन, त्रिमितीय कामं किंवा तीनचार हार्ड डिस्क हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी मोठा डेस्कटॉपच घ्यावा. अधूनमधून संगणक उचलून न्यावा लागणाऱ्यांनी लॅपटॉप.

पेटी ठेवायची ठरली, तर खोकं आणि पावती परतीच्या नव्हे, हमीच्या मुदतीपर्यंत जपून ठेवा. दर सहा महिन्यांनी तळाचे स्क्रू काढून जाळीतली धूळ साफ करा. हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं काडीने किंवा बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते झोताने गरगर फिरतं आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. आणि झाकण एकदम ओढू नका: काही पेट्यांत वाय-फायच्या अँटेनाची केसाएवढी तार झाकणालाच चिकटवलेली असते.